जीमॅटच्या डेटा इनसाइट्ससाठी ट्यूटर लावल्या, त्याचा रिव्ह्यू (जरा लांबलाय, चहा घेऊन बसा)

आधी निकाल सांगून टाकते, पुराण नंतर. ट्यूटर चांगल्या आहेत, पाचपैकी चार स्टार, एक कुठे कापला ते खाली येईलच. पण ही शिकवणी सगळ्यांसाठी नाहीये. ज्यांना अजून टक्केवारी, सरासरी, रेशो यातच घाम फुटतो त्यांनी इथे पैसे घालू नयेत, कारण मॅडम गणित शिकवत नाहीत आणि तसं पहिल्याच कॉलवर तोंडावर सांगतात. नाव टाकत नाहीये, त्या एकट्याच शिकवतात, ऑनलाइन, आणि नाव नको असं त्यांनीच सांगितलंय. त्यामुळे हा रिव्ह्यू त्यांचा कमी आणि असा माणूस शोधायचा कसा याचा जास्त असं समजा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा. तिच्यात पूर्वी इंटिग्रेटेड रीझनिंग नावाचा सेक्शन होता, २०१२ च्या जूनपासून, १२ प्रश्न, ३० मिनिटं, मार्क १ ते ८, आणि ते मार्क मेन स्कोअरमध्ये धरायचेच नाहीत, त्यामुळे बहुतेक जण त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये नवीन परीक्षा आली, सुरुवातीला तिला फोकस एडिशन म्हणायचे, आणि ३१ जानेवारी २०२४ नंतर जुनी बंदच झाली. आता क्वांट (गणित), व्हर्बल (भाषा आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (टेबल, ग्राफ अशा माहितीवरचे प्रश्न) असे तीन सेक्शन, प्रत्येकी ४५ मिनिटं, आणि तिघांचं वजन सारखं. म्हणजे जे आधी ऑप्शनला टाकायचे ते आता टोटलचा तिसरा हिस्सा होऊन बसलंय. डेटा इनसाइट्सला सगळे डीआयच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

आता ट्यूटर शोधताना पहिलं घोडं इथेच अडतं. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरात ७६०, ७७० असे स्कोअर लिहिलेले असतात आणि आपण भारावून जातो. पण नव्या परीक्षेचा स्कोअर २०५ ते ८०५ असतो आणि तो कायम ५ वर संपतो, ६४५, ७०५ असा. जुना २०० ते ८०० असायचा आणि शून्यावर संपायचा. त्यामुळे ७६० दिसला की समजायचं की ही व्यक्ती जुन्या परीक्षेला बसलेली आहे, आणि त्या ७६० मध्ये ग्राफ आणि टेबलवाल्या प्रश्नांचा एकही मार्क नाही! माणूस हुशार असेल, वाद नाही, पण तुम्ही ज्याचे पैसे देणार आहात त्याचा पुरावा त्या आकड्यात नाही. मी सरळ विचारायचे, नव्या परीक्षेत तुमचा डीआयचा सेक्शन स्कोअर किती. सेक्शन स्कोअर ६० ते ९० मध्ये असतो. काही जण लगेच सांगायचे, काही जण विषय बदलायचे, आणि एकाने तर मला विचारलं की तुम्ही मला शिकवणार आहात की मी तुम्हाला. त्या सरांना तिथेच नमस्कार केला.

अजून एक गोष्ट, डीआयचा ८० आणि क्वांटचा ८० याची किंमत एक नाही, पर्सेंटाइल (म्हणजे किती टक्के लोक आपल्या खाली आहेत) बघितला तर डीआयमधला ८० बराच वर बसतो. हे ज्या ट्यूटरला माहीत नाही आणि जो म्हणतो की ‘सगळीकडे ८५ आणूया’, त्याने या सेक्शनकडे नीट बघितलेलंच नाही असं मी तरी धरते.

डेमो बरेच घेतले, मोजले नाहीत. बहुतेकांचा साचा एकच. स्क्रीन शेअर करणार ते, प्रश्न उघडणार ते, सोडवणार ते, आणि शेवटी विचारणार ‘क्लिअर?’ आपण मान डोलावणार. बघताना सगळं सोपंच वाटतं हो, काठावर बसून दुसऱ्याचं पोहणं बघितल्यासारखं. एक सर होते ते भन्नाट वेगाने सोडवायचे, खरंच हुशार, पण पूर्ण डेमोत मी एकही टेबल स्वतः वाचलं नाही. मी कुठे अडखळते हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.

दुसरा प्रकार म्हणजे कॅटच्या (आपल्याकडची एमबीए प्रवेश परीक्षा) डीआयएलआरवाले, म्हणजे डेटा आणि लॉजिकचा सेक्शन शिकवणारे. चांगले शिकवतात, पण ती वेगळी विद्या आहे. कॅटमध्ये एक मोठा सेट असतो, त्यावर चार-पाच प्रश्न, कोण कुठे बसलंय, कुठल्या टीमने कोणाला हरवलं, कोडं एकदा फुटलं की पूर्ण सेट हातात. जीमॅटच्या डीआयमध्ये असं कोडं क्वचितच असतं. इथे माहिती समोर उघडी पडलेली असते, अवघड असतं ते म्हणजे त्यातलं काय कामाचं आणि काय नाही हे ठरवणं. कॅटवाल्या सरांनी मला टेबल दिसल्या दिसल्या सगळे राहिलेले आकडे काढून ठेवायला लावले, जीमॅटमध्ये असं केलं तर एका प्रश्नात पाच मिनिटं कुठे गेली कळणार पण नाही.

तिसरा प्रकार क्वांटवाल्यांचा. यांच्यासाठी डीआय म्हणजे डेटा सफिशियन्सी (दिलेली माहिती पुरेशी आहे का ते ठरवायचे प्रश्न) आणि बाकीचं ‘ते सोपं असतं, ग्राफ तर आहे’. कारण उघड आहे, डेटा सफिशियन्सी आधी क्वांटमध्येच होती, नव्या परीक्षेत ती डीआयमध्ये आली, नोट्स जुन्याच राहिल्या. आता डेटा सफिशियन्सीचे काही प्रश्न तर गणिताचे नसतातच, सरळ तर्काचे असतात. ते आले की या लोकांची गाडी थांबते.

स्कोअरची गॅरंटी देणाऱ्या मोठ्या क्लासेसबद्दल जास्त बोलत नाही. मी जिथे जिथे नियम वाचले तिथे गॅरंटी म्हणजे पैसे परत नव्हते, तोच कोर्स परत करायची परवानगी होती. वाचून घ्या एवढंच.

तर या मॅडम. त्यांच्या डेमोत पहिल्या मिनिटाला त्यांनी मला स्क्रीन शेअर करायला लावली आणि म्हणाल्या, ‘प्रश्न सोडव, आणि डोक्यात जे चाललंय ते बोलत जा, मराठीत, इंग्लिशमध्ये, कसंही.’ आणि मग गप्प बसल्या. खरंच गप्प. मला विचित्र वाटत होतं, मध्येच मी ‘बरोबर आहे ना?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘मी इथे नाहीये असं समज.’

प्रश्न डेटा सफिशियन्सीचा होता, आकडे आठवणीतून लिहितेय पण गाभा हाच. कंपनीचा नफा गेल्या वर्षीपेक्षा वाढला का? पहिलं विधान, उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं. दुसरं विधान, खर्च १० टक्क्यांनी वाढला. ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांना सांगते, इथे उत्तर काढायचं नसतं, उत्तर काढायला माहिती पुरेशी आहे का ते सांगायचं असतं, आणि पाच पर्याय कायम तेच असतात, फक्त पहिलं पुरेसं, फक्त दुसरं पुरेसं, दोन्ही मिळून पुरेसं, दोन्ही वेगवेगळे सुद्धा पुरेसे, किंवा काहीच पुरेसं नाही.

मी बोलत बोलत सोडवलं. एकटं पहिलं नाही पुरत, खर्चाचं माहीत नाही. एकटं दुसरं पण नाही. दोन्ही मिळून, उत्पन्न जास्त वेगाने वाढलं, खर्च कमी वेगाने, म्हणजे नफा वाढलाच, दोन्ही मिळून पुरेसं. एक मिनिट पण लागलं नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘कंपनी गेल्या वर्षी नफ्यात होती हे तुला कोणी सांगितलं?’

आणि मग त्यांनी वहीत लिहायला लावलं. उत्पन्न १००, खर्च ३००. म्हणजे तोटा २००. आता उत्पन्न २० टक्के वाढून १२०, खर्च १० टक्के वाढून ३३०. तोटा २१०. वाढला की! उत्पन्न दुप्पट वेगाने वाढून सुद्धा परिस्थिती बिघडली. म्हणजे उत्तर शेवटचा पर्याय, दोन्ही मिळूनही पुरेसं नाही. मग त्यांनी प्रश्नात एक वाक्य घातलं, ‘कंपनी गेल्या वर्षी नफ्यात होती’, आणि म्हणाल्या आता सांग. आता उत्पन्न खर्चापेक्षा मोठं आहे, मोठ्या आकड्याचे २० टक्के हे लहान आकड्याच्या १० टक्क्यांपेक्षा जास्तच येणार, त्यामुळे दोन्ही मिळून पुरेसं. एकाच वाक्याने उत्तर फिरलं. यात गणित आठवी-नववीचं आहे. मी जे केलं होतं ते म्हणजे ‘नफा’ शब्द वाचून कंपनी नफ्यात आहे असं मनातल्या मनात धरून टाकलं, आणि मी मोठ्याने बोलत होते म्हणूनच ते त्यांना ऐकू आलं, किंवा खरं तर न बोललेलं त्यांच्या लक्षात आलं. एखाद्या व्हिडिओत हाच प्रश्न बघितला असता तर मी ‘हो हो, तोटा पण असू शकतो’ म्हणून पुढे गेले असते आणि पुढच्या प्रश्नात परत तेच केलं असतं. तिथेच ठरवलं की यांच्याकडेच जायचं.

पुढचे क्लास पण साधारण याच पद्धतीचे. त्या स्वतः एक शीट ठेवतात, प्रत्येक प्रश्नासमोर चार रकाने, वाचन, शोधाशोध, हिशोब, निर्णय, आणि मी सोडवत असताना कशात किती सेकंद गेले ते अंदाजाने भरत जातात. पहिल्या काही क्लासनंतर ती शीट त्यांनी मला दाखवली तर हिशोबाचा रकाना जवळजवळ रिकामा आणि शोधाशोधीचा गच्च भरलेला. मी तोपर्यंत घरी बसून भागाकाराचे शॉर्टकट पाठ करत होते! बरेच जण हेच करत असतात, आणि क्लासवाले पण तेच विकतात कारण शॉर्टकट विकायला सोपे. पण डीआयमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, क्वांटमध्ये नाही मिळत, फक्त इथे. मग वेगाने भागाकार करून मिळवणार काय?

कॅल्क्युलेटरबद्दल मॅडमचं एक म्हणणं आधी पटलं नव्हतं, ते म्हणजे त्याला हात लावण्याआधी अर्धा सेकंद विचार कर की याची गरज आहे का. टेबल अ‍ॅनॅलिसिसचं उदाहरण देते. टेबलमध्ये देश, या वर्षी आलेले पर्यटक, आणि गेल्या वर्षीपेक्षा टक्के बदल. विधान असं की ज्या देशात टक्के वाढ सगळ्यात जास्त, तिथेच पर्यटकांची संख्याही सगळ्यात जास्त वाढली, खरं की खोटं. एका छोट्या देशात ४ लाख पर्यटक आणि ६० टक्के वाढ, एका मोठ्या देशात ९० लाख आणि ८ टक्के. माझा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे, ४ भागिले १.६, मग वजाबाकी, मग ९० भागिले १.०८. मॅडम म्हणाल्या थांब, छोट्या देशात एकूण माणसंच किती आली? ४ लाख. म्हणजे वाढ ४ लाखांच्या आतच असणार ना. आणि मोठ्या देशात ८ टक्के म्हणजे कसंही धरलं तरी ६ लाखांच्या वर. झालं, खोटं. एकही बटण दाबायचं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की टेबलकडे बघायची नजरच बदलते, विधान वाचल्यावर पहिला प्रश्न पडतो की हे खोटं पाडायला कमीत कमी काय लागेल.

टेबलमध्ये सॉर्ट करायची सोय असते, कॉलम निवडला की त्या क्रमाने ओळी लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं पण वापरत नाहीत, डोळ्यांनी शोधत बसतात. मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा, विचारला, १५ ओळी आहेत, तर सॉर्ट करा आणि आठवी ओळ वाचा, यात हिशोब कुठे आहे. आणि प्रत्येक प्रश्नात तीन विधानं असतात आणि तिन्ही बरोबर आली तरच मार्क, दोन बरोबर एक चूक म्हणजे शून्य. डीआयमध्ये अर्धे मार्क नसतातच, कुठेच. त्यामुळे ‘दोन तर नक्की बरोबर आहेत’ या समाधानाला काही अर्थ नाही, हे मॅडम इतक्यांदा बोलल्या की आता कोणी काही म्हटलं तरी मला तेच आठवतं.

ग्राफिक्स इंटरप्रिटेशनवर आम्ही फार वेळ घालवला नाही, गरज नव्हती. अक्षावर काय लिहिलंय, शून्यापासून सुरू होतो का, एकक हजारात आहे की लाखात, एवढं बघून मगच ड्रॉपडाउन उघडायचा. झालं.

मल्टी-सोर्स रीझनिंग मात्र माझ्यासाठी डोकेदुखी. दोन-तीन टॅब, एकात ईमेल, एकात टेबल, एकात नियम, आणि त्यावर साधारण तीन प्रश्न. बाकीचे ट्यूटर सांगत होते की आधी सगळं नीट वाच, किंवा उलट, काही वाचू नको थेट प्रश्नाकडे जा. मॅडमची पद्धत मधली आहे, प्रत्येक टॅब चाळायचा आणि वहीत त्याची एकच ओळ लिहायची, ‘पहिला, कोणाला सूट मिळते त्याचे नियम’, ‘दुसरा, महिन्याची विक्री’, असं. आकडे लक्षात ठेवायचे नाहीत, आकडा कुठे मिळेल तेवढं लक्षात ठेवायचं. आणि दोन टॅब एकमेकांना कुठे छेदतात ते शोधायचं, कारण प्रश्न बहुतेक वेळा तिथेच असतो. मी सुरुवातीला या एका ओळीसाठी पण वेळ जातोय म्हणून कुरकुर करत होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला तो वेळ वसूल होतो हे शीटमध्ये दिसायला लागल्यावर गप्प बसले.

वेळेचं गणित हा त्यांचा सगळ्यात मजबूत भाग म्हणेन. २० प्रश्न, ४५ मिनिटं, म्हणजे सरासरी सव्वादोन मिनिटं. पण सरासरी हा फसवा आकडा आहे, कुठलाच प्रश्न सव्वादोन मिनिटांचा नसतो. मल्टी-सोर्सचा पहिला प्रश्न वाचनामुळे तीन-साडेतीन खातो, ती उधारी डेटा सफिशियन्सीतून फेडायची. आणि प्रश्न न सोडवता पुढे जाता येत नाही, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, तेव्हा बुकमार्क करायचा, अंदाजे उत्तर टाकायचं आणि निघायचं. शेवटी वेळ उरला तर परत येता येतं, पण एका सेक्शनमध्ये जास्तीत जास्त तीनच उत्तरं बदलता येतात. आणि प्रश्न अर्धवट राहिले, शेवटपर्यंत पोचलोच नाही, तर त्याचा फटका वेगळा बसतो. मॅडम क्लासमध्ये मुद्दाम एक अति अवघड प्रश्न मध्ये घालतात आणि बघतात की मी तो किती वेळात सोडते. सोडवते नाही, सोडते! पहिल्यांदा मी त्यात चार मिनिटं घालवून बरोबर उत्तर काढलं आणि खूश होऊन बघितलं तर त्यांचा चेहरा असा की जणू मी नापास झालेय. त्यांचं म्हणणं, या एका मार्कासाठी पुढचे दोन प्रश्न तू घाईत घालवलेस, शीट बघ. शीटमध्ये तसंच होतं.

आता तो कापलेला स्टार. पहिली तक्रार टू-पार्ट अ‍ॅनॅलिसिसची. यातले आकड्यांचे प्रश्न त्या मस्त घेतात, पण जे शब्दांचे असतात, युक्तिवाद दिलेला असतो आणि एका कॉलममध्ये गृहीतक आणि दुसऱ्यात त्याला कमकुवत करणारी गोष्ट निवडायची, ते त्या जरा उरकतात. त्यांचा पिंडच आकड्यांचा आहे. मी ते प्रश्न व्हर्बलच्या तयारीत बसवून घेतले, पण पैसे पूर्ण डीआयचे घेता तर हेही नीट घ्यायला हवं ना, हे मी त्यांनाही बोललेय, त्यांनी मान्य केलं पण फार फरक पडला नाही.

दुसरं, मेसेजला उत्तर यायला वेळ लागतो. रात्री अडलं तर सकाळपर्यंत, कधी त्याच्याही पुढे. परीक्षा जवळ आल्यावर हे फार त्रासदायक होतं. मधल्या काळात मी चॅटबॉटला विचारायचे, तिथे उत्तर लगेच मिळतं आणि समजावून पण छान सांगतो, पण माझी शोधाशोध कुठे लांबली हे त्याला कसं दिसणार, आणि एक-दोनदा ग्राफचा आकडाच त्याने चुकीचा वाचला आणि त्यावर अगदी आत्मविश्वासाने पूर्ण स्पष्टीकरण दिलं. तर तेही सांभाळून.

तिसरं, क्लासचं रेकॉर्डिंग देत नाहीत. का ते सांगितलं, की मुलं रेकॉर्डिंगच्या भरवशावर क्लासमध्ये ढिली पडतात. मला पटत नाही, मोठी माणसं आहोत आपण. शीट मात्र देतात.

स्वतःचं मटेरियल काहीच नाही, हे काही लोकांना खटकेल, मला आवडलं. जीमॅट घेणारी जी संस्था आहे जीमॅक, तिचे ऑफिशियल प्रश्नच वापरतात, ते पुस्तक किंवा ऑनलाइन बँक तुम्ही वेगळी विकत घ्यायची. मी ज्या ट्यूटरकडे घरगुती मटेरियल बघितलं तिथे टेबलमध्ये ३७.८३ टक्के वगैरे आकडे आणि बोट दुखेपर्यंत गुणाकार, खरे प्रश्न तसे नसतातच. खऱ्या प्रश्नात शब्द पकडतात, ‘किमान’, ‘पैकी’, ‘च्या तुलनेत’. आणि एक सूचना त्यांनी पहिल्या दिवशी दिली ती इथे सगळ्यांसाठी, एमबीए डॉट कॉमवर दोन ऑफिशियल सराव परीक्षा फुकट आहेत, त्यातली एक सुरुवातीला देऊन टाकायची म्हणजे कुठे आहोत ते कळतं, आणि दुसरी शेवटपर्यंत हात न लावता ठेवायची. ट्यूटर जर क्लासमध्येच ते पेपर उघडून प्रश्न सोडवायला लागला तर त्याला थांबवा, त्या पेपरची किंमत तो माहीत नसण्यातच आहे.

सेक्शनचा क्रम आपण निवडू शकतो आणि मध्ये १० मिनिटांचा एक ब्रेक मिळतो, तर डीआय कुठे ठेवायचा यावर पण त्यांनी वेगवेगळे क्रम करून बघायला लावले. माझं डीआय शेवटी ठेवल्यावर पार झोपायचं, वाचन जास्त आहे हो त्यात, थकलेल्या डोळ्यांनी टॅब वाचवत नाहीत. मी ते सुरुवातीला घेते आता. ज्याचं व्हर्बल थकल्यावर झोपतं त्याने वेगळं करावं. हे सुद्धा बाकी कोणा ट्यूटरने विचारलं नव्हतं.

पैशाचं इतकंच सांगते की त्या तासावर घेतात, पॅकेज नाही, आणि मला तेच सोयीचं वाटलं. डीआयसाठी कोणी मोठं पॅकेज आगाऊ मागत असेल तर आधी चार-पाच तास घेऊन बघतो म्हणा. नाही म्हणाले तर पुढचा बघा. खरं सांगायचं तर या विषयाला महिनोन् महिने शिकवणी लागत नाही, क्वांट आणि व्हर्बलचा पाया ठीक असेल तर काही आठवड्यांत कळतं की कुठे गळती आहे, मग सराव आपला आपण करायचा आणि मध्ये मध्ये एखादा तास घेऊन शीट भरून घ्यायची. मॅडम स्वतःच तसं सांगतात, एकदा तर म्हणाल्या पुढच्या आठवड्यात येऊ नको, आधी हे एवढे प्रश्न एकटी सोडव, नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तासावर कमावणारा माणूस असं म्हणतो याचं मला अप्रूप वाटलं.

खूप जणांनी विचारलंय की डेमोत नक्की काय करून बघायचं. माझं उत्तर, एक मल्टी-सोर्सचा सेट आणि एक डेटा सफिशियन्सीचा असा प्रश्न घेऊन जा जो तुमचा चुकलाय, पण कुठे चुकलाय ते सांगू नका. स्क्रीन तुम्ही शेअर करा. ट्यूटर किती वेळ गप्प बसू शकतो ते बघा, आणि तोंड उघडल्यावर पहिलं वाक्य काय येतं, ‘याचं उत्तर असं काढायचं’ की ‘तू हे का धरलंस’. दुसरं आलं तर पुढे बोलणी करा, स्लॉट विचारा, कॅन्सल केलं तर तास बुडतो का ते विचारा. परीक्षेची तारीख आधी बुक केली असेल तर तीही सांगा, कारण परत बसायचं झालं तर मध्ये १६ दिवस जावे लागतात आणि १२ महिन्यांत पाचच वेळा बसता येतं, ट्यूटरने त्या हिशोबाने प्लॅन द्यायला हवा. या मॅडमचे शनिवार-रविवार भरलेले असतात, मला आठवड्यातला सकाळचा स्लॉट मिळाला होता, ऑफिसच्या आधी, आणि त्या वेळेवर येतात, एक मिनिट इकडे तिकडे नाही.